पाटीचं घराणं

मुलगी बघायला जाण्याआधी घराण्याची चौकशी करायची आमच्यात पद्धत होती. मूळ गाव कुठलं, आजोबा काय करत, जमिनीचा दावा किती पिढ्यांपासून कोर्टात आहे, एखादा चुलता संन्यासाच्या नावाखाली बेपत्ता वगैरे आहे का, हे सगळं पोहे खायच्या आधी ठाऊक असायचं. आता मुलं परस्पर जमवतात आणि वडिलांना एकदम हॉलचं भाडं भरायला बोलावतात. मग चौकशीची ही पिढीजात हौस भागवायची कुठे? मी ती वस्तूंवर भागवतो. मिक्सर घेताना मी त्याच्या मोटारीचं कुळ इतकं खोदून विचारलं होतं, की दुकानदाराने शेवटी मलाच विचारलं, "तुमच्याकडे दुरुस्तीचं दुकान आहे का?"

गेल्या दिवाळीत आमच्या घरात टॅब्लेट घ्यायचं घाटू लागलं. टॅब्लेट म्हणजे गोळी नव्हे. (हा खुलासा खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांसाठी. त्यांनी तत्परतेने "जेवणाआधी घ्यायची की नंतर?" असं विचारलं होतं.) हा टॅब्लेट म्हणजे काचेची पाटी. तिच्यावर खास पेनाने लिहायचं, चित्रं काढायची, आणि ती पाटी म्हणजेच कॉम्प्युटर.

मला ती का हवी होती, तेही सांगतो. मी छत्तीस वर्षं एका सरकारी खात्यात आरेखक होतो. आरेखक म्हणजे ड्राफ्ट्समन. सरकारने शब्द नवा दिला, खुर्ची जुनीच ठेवली. इंजिनिअरसाहेबांच्या डोक्यात जे येईल, आणि बऱ्याचदा जे येणार नाही, ते ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं हे आमचं काम. निवृत्तीनंतर मी पुण्यातल्या पेठांमधून जुने वाडे चितारत हिंडतो. वाडा पडायच्या आधी त्याचं चित्र पुरं करायचं, म्हणजे बिल्डरशी शर्यतच असते. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमालेला जाऊन टिपणं घेतो. चित्रं आणि टिपणं मिळून एकेचाळीस वह्या झाल्या. त्या माळ्यावर आहेत. सौ. म्हणते, "तुमच्यामागे ह्या रद्दीवाल्याला देताना मला फार वाईट वाटेल. पण देईन."

त्यातच दोन वर्षांपासून उजव्या हाताला बारीक कंप सुटलाय. डॉक्टर म्हणाले, "वयाचा आहे. घाबरू नका, पण काढायचं थांबवू नका." कागदावर बारीक गज किंवा कोरीव तुळई काढताना आता रेघ हलते. पाटीवर म्हणे चित्र हवं तेवढं मोठं करून काढता येतं आणि मग पुन्हा लहान करता येतं. चिरंजीवांनी फोनवर अर्धा डझन नावं सुचवली. मी म्हटलं, थांब. आधी घराणं बघू.

तर मंडळी, घराणं मोठं निघालं. मूळ पुरुष अमेरिकन, नाव एलिशा ग्रे. टेलिफोनच्या भानगडीत हे नाव तुम्ही ओझरतं ऐकलं असेल. १४ फेब्रुवारी १८७६ या दिवशी ग्रॅहॅम बेलचा टेलिफोनचा अर्ज पेटंट कचेरीत गेला आणि त्याच दिवशी ग्रेचेही कागद गेले. टेलिफोन बेलच्या नावावर लागला. हल्ली त्या तारखेला तरुण मंडळी हृदयं देतात-घेतात. ग्रेसाहेबांचं त्या दिवशी मोडलं असणार. पण गृहस्थ खचला नाही. बोलणं तारेतून गेलं तर लिहिणंही जाईल, असं म्हणून त्याने १८८८ साली टेलऑटोग्राफचं पेटंट घेतलं. इकडे पेनाने लिहायचं, पेनाची हालचाल विजेच्या रूपाने तारेतून जायची आणि तिकडचं पेन भुताने झपाटल्यासारखं तस्संच अक्षर काढायचं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडलं होतं. ज्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. पुढे बँकांनी वगैरे हे यंत्र वापरलं. सही एका गावात आणि कागद दुसऱ्या गावात अशी सोय झाली.

या मूळ पुरुषाचा एक गुण लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्याचं यंत्र तुमच्या अक्षराला नावं ठेवत नव्हतं. गचाळ लिहा, तिकडे गचाळ उमटेल. टपालखात्यासारखा साधा प्रामाणिक बाणा: पाकिटात काय आहे ते आम्ही बघत नाही, पोचवतो.

पुढची पिढी एकदम लष्करात. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेने शत्रूची विमानं टिपायला अवाढव्य कॉम्प्युटर उभारले. त्यांच्या गोल पडद्यांवर ठिपके सरकत आणि समोरचा शिपाई पिस्तुलासारखं एक प्रकाशयंत्र ठिपक्यावर रोखून कॉम्प्युटरला "हा बघ" म्हणून दाखवी. या टेबलांना सिगरेट पेटवायचा लायटर आणि रक्षापात्र कारखान्यातच बसवून येई. जग बेचिराख व्हायचा प्रसंग आला, तरी राख गालिच्यावर पडू नये, ही काळजी मला फार भावली. या पिस्तुलाचंच पुढे निमुळतं प्रकाशपेन झालं.

आणि त्या प्रकाशपेनाने घराण्यात दोन पात्या झाल्या. थोरली पाती ग्रेसाहेबांची, आहे तसं पोचवणारी. धाकटी पाती सुरू झाली १९६३ साली. अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलंड नावाच्या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम केला. प्रकाशपेनाने थेट पडद्यावर रेघ ओढायची. इथवर ठीक. पण तुम्ही चार रेघा वेड्यावाकड्या ओढून सांगितलंत की या समांतर कर, की त्या समांतर. या दोन काटकोनात ठेव, की चोख नव्वद अंश. म्हणजे पेन तुमच्या हातात, पण रेघ मास्तरांची. माणूस विलक्षण बुद्धिमान, शंकाच नाही. १९८८ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळालं, ते कॉम्प्युटरवाल्यांचं नोबेल. आज घरं, पूल, मोटारी ज्या प्रोग्रॅमांवर काढतात त्या सगळ्यांचे हे आजोबा.

आमच्या खात्यात हा नातू अवतरायला १९९६ साल उजाडलं. तोवर आमच्याकडे अकरा ड्रॉइंग बोर्ड होते, टी-स्क्वेअर होते, आणि एक हेड ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या उत्तर दिशेच्या बाणावरून नकाशा कुणी काढला ते ओळखता येई. बाणाच्या शेपटाला ते तीन बारीक पिसं काढत आणि मधलं पीस किंचित डावीकडे झुके. खात्यात म्हणत, या बाणाच्या दिशेने गेलं की माणूस उत्तरेला नाही, चहाच्या टपरीवर पोचतो. पण मोऱ्यांचे, पुलांचे, डाकबंगल्यांचे किती नकाशे त्या पिसांखाली मंजूर झाले असतील याला गणती नाही. कॉम्प्युटर आला. बोर्ड उचलले. एकावर पुढे बरीच वर्षं सत्यनारायणाचा प्रसाद मांडत, दुसऱ्यावर शिपाई कॅरम खेळत. हेड ड्राफ्ट्समन माऊस धरायला शिकले, ते जपून धरत, चावेल अशा बेताने. आणि पुढच्या सहा महिन्यांत खात्यातल्या सगळ्या नकाशांवरची उत्तर दिशा एकसारखी झाली. नकाशे बिनचूक येऊ लागले, वेळ वाचला, अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरायचे थांबले. तक्रारीला जागा नाही. फक्त निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी सही मागितली, तेव्हा त्यांनी कागदावर सहीखाली तो बाण काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मी शेजारी होतो.

असो. घराण्याकडे वळू.

१९६४ साली कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेने खरीखुरी पाटी केली. दहा इंच लांब, दहा इंच रुंद. पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक रेघांची जाळी, पेन कुठे आहे ते त्या जाळीवरून कळायचं. किंमत १८ हजार डॉलर. तेव्हा डॉलर पावणेपाच रुपयांना होता, म्हणजे सुमारे ८५ हजार रुपये झाले. त्या पैशात माझ्या वडिलांनी पाटी नव्हे, शाळा विकत घेतली असती. हिच्यावर लिहायचं खाली आणि अक्षर दिसायचं समोरच्या पडद्यावर. हात इथे, नजर तिथे. अवघड वाटतं, पण माणसाला सवय होते. हार्मोनियमवाला कुठे पट्ट्यांकडे बघतो? या पाटीचे गरीब नातलग आजही चार-पाच हजारांत मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत गणिताच्या कितीतरी शिक्षकांनी हीच बिनपडद्याची पाटी कॉम्प्युटरला जोडून घरबसल्या वर्ग घेतले. फळा नाही, खडू नाही, आणि डस्टर फेकून मारायला समोर मुलंही नाहीत.

त्यानंतर घराण्यात एक स्वप्नाळू पुरुष होऊन गेला. ॲलन के. १९६८ च्या सुमारास त्याच्या डोक्यात आलं की वहीएवढा कॉम्प्युटर प्रत्येक मुलाच्या हातात असावा. त्याने नाव ठेवलं डायनाबुक आणि पुठ्ठ्याचा एक नमुना करून लोकांना दाखवला. तो काळ असा, की खरा कॉम्प्युटर ठेवायला खोली लागे. पुठ्ठ्याचा नमुना मात्र उत्तम चालत असे.

खरी धांदल उडाली ती १९९० च्या आगेमागे. १९८९ साली ग्रिडपॅड नावाची दोन किलोंची पाटी आली. कडेवर घेतली तर शेजारणी "कितवा महिना?" विचारतील असं वजन. 'गो' नावाच्या कंपनीने १९८७ पासून पेनावर चालणारी आख्खी व्यवस्था रचायला घेतली, पण १९९४ पर्यंत कंपनी नावाप्रमाणे गेली. आणि ऑगस्ट १९९३ मध्ये ॲपलने आणला न्यूटन. ६९९ डॉलर, तेव्हाचे २२ हजार रुपये. त्याची मुख्य ऐट ही, की तुम्ही हाताने लिहा, मी वाचून छापील करतो. म्हणजे धाकटी पाती आता रेघेवरून अक्षरावर घसरली होती. मास्तरांनी शुद्धलेखनाची वही तपासायला घेतली.

आता हस्ताक्षर वाचणं हे काय काम आहे ते औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याला विचारा. न्यूटन भल्याभल्या वाक्यांचं काहीतरी भलतंच करून दाखवी. महिना उलटायच्या आत 'डून्सबरी' या अमेरिकेतल्या गाजलेल्या व्यंगचित्रमालेत त्याची टर उडाली. पुढच्या वर्षी 'सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेत एका दांडगट पोराने त्याच्यावर 'मार्टिनला बदडायचं' असं लिहून ठेवलं, तर यंत्राने मार्था नावाच्या बाईंना खाऊन टाकण्याची नोंद केली. बिचाऱ्या न्यूटनची पुढची आवृत्ती पुष्कळ चांगलं वाचायची, पण एकदा का पोर 'ढ' म्हणून गाजलं की पहिला नंबर आला तरी लोक म्हणतात, कॉपी केली असेल. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचा कारभार आटोपला.

आपण हसायचं कारण नाही. आज मराठी अक्षर ओळखणारे प्रोग्रॅम आहेत आणि बऱ्यापैकी ओळखतात. मी त्यातल्या एकावर माझ्या लपेटीदार अक्षरात 'उद्या पाहुणे रवाना' असं लिहिलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि छापलं: 'उद्या पाहुणे खाना'. र आणि व जवळ आले की त्यांचा ख होतो, हे आम्ही बिगरीत शिकलो. यंत्र अजून बिगरीतच आहे. सौ.ने मात्र ते वाचून "काही चूक नाही" एवढंच म्हटलं. पाहुणे माझ्याकडचे होते.

न्यूटनचा धडा एकाने पुरता घेतला. जेफ हॉकिन्स. तो दोन किलोंचा ग्रिडपॅड यानेच केला होता. आता त्याने खिशात मावेल असं यंत्र करायचं ठरवलं, आणि आधी काय केलं, तर तेवढ्या मापाचा लाकडी ठोकळा करून खिशात घालून हिंडला. कुणी भेटीची वेळ विचारली, की खिशातून ठोकळा काढायचा आणि काडीने त्याच्यावर लिहिल्यासारखं करायचं. आमच्याकडे कुणी असं केलं असतं, तर घरच्यांनी भेटीची वेळ घेतली असती ती डॉक्टरांची. त्या ठोकळ्यातून १९९६ साली पाम पायलट जन्माला आला आणि धो धो खपला. त्याची युक्ती अशी: यंत्राला माणसाचं अक्षर येत नाही ना? मग माणसालाच यंत्राचं अक्षर शिकवा. 'ग्राफिटी' नावाची एक लिपीच त्यांनी केली. बहुतेक अक्षरं पेन न उचलता एकाच फटक्यात. इंग्रजी पहिल्या अक्षराची मधली आडवी दांडी गाळलेली, नुसतं घराचं छप्पर.

हे वाचून कुणाही मराठी माणसाला मोडी आठवेल. परंपरा मोडीचं श्रेय हेमाडपंतांना देते, ते खरंखोटं इतिहासकार बघतील. पण युक्ती तीच: शिरोरेघ आधी पानभर सरळ ओढून घ्यायची, आणि मग बोरू शक्यतो न उचलता खाली अक्षरं लटकवत सुटायचं. पेशवे दफ्तरात असे रुमालच्या रुमाल पडले आहेत. फरक एवढाच, की मोडी झाली ती लिहिणाऱ्या कारकुनाच्या घाईसाठी. ग्राफिटी झाली वाचणाऱ्या यंत्राच्या मंदपणासाठी. मोडी शाळांमधून विसाव्या शतकाच्या मध्यावर गेली आणि आता ती वाचणारे शोधावे लागतात. ग्राफिटीला तर दहा वर्षंही धड मिळाली नाहीत. झेरॉक्सने आमच्या लिपीची नक्कल केली म्हणून दावा लावला आणि २००३ साली पामने लिपीच बदलली. मघाशी जमिनीच्या दाव्याबद्दल म्हणालो, ते याचसाठी. चांगल्या घराण्यात एखादा दावा हा असायचाच.

बिल गेट्स यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये भविष्य वर्तवलं, की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा कॉम्प्युटर हा पेनाचा टॅब्लेटच असेल. पुढच्या वर्षी तो बाजारात आला, आणि पाच वर्षं आली तशी गेली. भविष्य चुकलं, पण ज्योतिषाचं मुख्य उत्पन्न दुसरीकडून असल्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

आपल्याकडेही या घराण्याची एक शाखा झाली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या चार प्राध्यापकांनी एका कंपनीतल्या मंडळींबरोबर सिम्प्युटर नावाचं हातात मावणारं यंत्र आखलं. साध्या माणसाला, त्याच्या भाषेत, स्वस्तात वापरता यावं म्हणून. २००४ साली ते विक्रीला आलं. काडीने त्याच्यावर टिपण खरडता येई आणि यंत्र नुसतं हलवलं की पान उलटे. आयफोन यायला तेव्हा तीन वर्षं होती. लोकांनी कौतुक केलं, पेपरांत फोटो आले, आणि घ्यायच्या वेळी सगळे मोबाइलच्या दुकानात गेले. कौतुकाच्या बाबतीत आपण कधी हात आखडता घेतलेला नाही.

जानेवारी २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी पेनाची भर सभेत चेष्टा केली. काडी कशाला हवी, देवाने जन्मतःच दहा बोटं दिली आहेत, असा त्यांचा सूर होता. त्यांच्या शब्दाला वजन असं, की साऱ्या जगाने पेनं टाकली आणि बोटाने काच पुसायला घेतली. २०१० मध्ये आयपॅड आला, तोही बोटांचाच. जॉब्ज २०११ मध्ये वारले. २०१५ मध्ये त्यांच्याच कंपनीने आयपॅडसाठी पेन काढलं, त्याला म्हणायचं पेन्सिल, आणि किंमत ९९ डॉलर. ही पहिली पेन्सिल चार्ज करायची, तर ती आयपॅडच्या बुडात खोचून आडवी ठेवावी लागे. तापाच्या पोराला थर्मामीटर लावून निजवल्यासारखं दिसे. पण चालायची अप्रतिम. तोवर सॅमसंगने २०११ मध्येच फोनबरोबर पेन द्यायला सुरुवात केली होती.

पण बोटाच्या त्या राज्यातही थोरली पाती गुपचूप आपला वसा सांभाळून होती. जपानात १९८३ साली वाकॉम नावाची कंपनी निघाली. तिने असं पेन केलं, की त्याला ना वायर, ना बॅटरी. पाटीखालच्या जाळीतून चुंबकीय लहरी निघतात, पेनातलं तारेचं वेटोळं त्यांच्यावर झंकारतं, आणि तो झंकार पाटीला उलट ऐकू जातो. सतारीला तरफेच्या तारा असतात ना? वरची तार छेडली की खालच्या आपोआप गुणगुणतात. तसं. त्यामुळे पेन कधी उपाशी राहत नाही. दाबाच्या म्हणे ४०९६ पायऱ्या ओळखतं. आमच्या खात्यात दाबाच्या तीनच होत्या: ठेकेदाराचा, आमदाराचा आणि मंत्र्याचा. या पेनांनी कधी कुणाचं अक्षर वाचून दाखवायची बढाई मारली नाही. चित्रकारांच्या टेबलावर ती मुकाट्याने नांदली.

चित्रकारांवरून आठवलं. डेव्हिड हॉकनी हे इंग्लंडचे केवढे मोठे चित्रकार. २००९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी फोनवर चित्रं काढायला घेतली, पुढल्या वर्षी आयपॅडवर. सकाळी बिछान्यातूनच खिडकीतली फुलं काढायची आणि मित्रांना पाठवायची. तेही सुरुवातीला बोटाने. मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "बिछान्यातून उठायचं नाही, एवढंच तुम्ही त्यातून घ्याल."

टिपणांचं म्हणाल, तर २०१४ साली अमेरिकेत दोघा मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास गाजला. टाइप करणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात, हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसल्यामुळे ऐकून, निवडून लिहावं लागतं, आणि म्हणून त्यांना आशय जास्त कळतो. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून बघितला, तेव्हा निकाल तितका ठाम आला नाही. मला विचाराल, तर वक्ता कोण आहे यावरही बरंच असतं. नुसत्या टिपणांसाठी २०१७ साली नॉर्वेतल्या एका कंपनीने रिमार्केबल नावाची पाटी काढली. काच चमकत नाही, पडदा कागदासारखा निर्जीव करडा, रंग नाही, ईमेल नाही, खेळ नाही. म्हणजे कॉम्प्युटरने एवढी प्रगती करून शेवटी दोनशे पानी वही गाठली. मला ही पाटी फार आवडली; पण वाड्याच्या विटांना रंग लागतो.

इतकी कुळकथा तोंडपाठ करून पाडव्याच्या आधी मी दुकानात गेलो. तिथला मुलगा चांगला होता. त्याने रॅम सांगितली, प्रोसेसर सांगितला. मी विचारलं, पेनाला बॅटरी आहे का, पेन डब्यात मिळतं की वेगळं, टोक झिजलं तर नवं किती रुपयांना, तळहात टेकला तर पाटी त्यालाही पेन समजते का, आणि पेनाचं टोक व शाईची रेघ यांच्यात काचेच्या जाडीने फट पडते का. तो म्हणाला, "काका, तुम्ही ऑनलाइन बघून आलात का?" मी म्हटलं, "नाही, १८८८ पासून बघून आलोय."

तीन पाट्या त्याने मांडल्या. मी तिन्हींवर एकच गोष्ट काढली: उत्तरेचा बाण, शेपटाला तीन पिसं, मधलं डावीकडे झुकलेलं. पहिल्या पाटीवर रेघ पेनाच्या मागून रमतगमत येत होती, सरकारी फायलीसारखी. दुसरीवर झटकन आली. पण पिसं बघितली, तर तिन्ही गुळगुळीत, छापल्यासारखी. हात माझा हलला होता, रेघ हलली नव्हती.

"हे कसं काय?"

"काका, त्यात स्थिर करायची सोय आहे. हात हलला तरी रेघ सरळ येते. तुमच्यासाठी तर बेस्ट."

तो चांगल्या मनाने म्हणाला. माझ्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं होतं आणि त्याने ते न बोलता सावरलं होतं. क्षणभर मलाही मोह झाला. दोन वर्षांत इतकी सरळ रेघ माझ्या हातून उतरली नव्हती. डोळ्यांसमोर साठ सालचे सदरलंडसाहेब उभे राहिले, हातात प्रकाशपेन, आणि म्हणाले, "असू द्या, मी बघतो."

"बंद होतं का ते?" मी विचारलं.

"होतं. पण मग रेघ छान येणार नाही."

"माझी येईल."

त्याने सेटिंगमध्ये जाऊन ते शून्यावर आणलं. मी पुन्हा बाण काढला. पिसं थरथरली. मधलं पीस डावीकडे झुकलं, जरा जास्तच झुकलं. मग मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, पीस वीतभर झालं, आणि मोठ्या पिसाच्या कडा सावकाश नीट केल्या. लहान केल्यावर ते बरंच हेड ड्राफ्ट्समनांसारखं दिसलं. तिसरी पाटी मी बघितलीच नाही.

आता ती घरी आहे. ओंकारेश्वराजवळच्या एका वाड्याचा दिंडी दरवाजा मी तिच्यावर पुरा केला, खिळ्यांसकट. व्याख्यानाची टिपणं माझ्याच अक्षरात आहेत. छापील करायचा प्रयत्न मी केलेला नाही, पाहुण्यांच्या जिवाला धोका नको. अडचण एकच आली. सौ.ला ठिपक्यांच्या रांगोळ्या काढायचा नाद आहे. एका दुपारी नातीने तिला पाटीवर रांगोळी काढून दाखवली, आणि एक पाकळी काढली की बाकीच्या सात आपोआप उमटतात, रेघ तर आपोआप सरळ होते, हे बघून ही हरखून गेली. ही कट्टर धाकट्या पातीची निघाली. तिला रेघ सरळ म्हणजे सरळ लागते. त्यामुळे मी पेन उचलतो आणि माझे वाडे नव्यानेच बांधल्यासारखे ताठ उभे राहायला लागतात. मी ते बटण शून्यावर आणतो, चित्र काढतो, पाटी मिटवून फिरायला जातो. परत येऊन जिना चढत असतानाच आतून आवाज येतो, "पुन्हा ते बंद करून ठेवलंत? माझा मोर बघा कसा कापतोय!"